जात्यावरची बाई काय मागते? सातारा-सांगलीच्या ओव्या वाचायची रीत

कवितेत बाईची जागा कोणती, हे शोधायला निघालेला माणूस आधी छापील कविता उघडतो. सातारा-सांगलीपुरतं बोलायचं तर त्याने आधी जात्यापाशी बसावं. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत आणि पाटण-जावळीपासून शिराळ्यापर्यंत बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जी कविता केली, ती कागदावर नव्हती. ती दळताना जुळली, दळतानाच पाठ झाली आणि एकीच्या तोंडून दुसरीकडे गेली. हा प्रकार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या 1129 सालच्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे 1290 सालच्या ज्ञानेश्वरीच्याही आधी ओवी बायकांच्या गळ्यात होती.

ओवी ऐकून डोळे पुसणारे पुष्कळ भेटतात. ती वाचणारे कमी. वाचायची म्हणजे तीन गोष्टी बघायच्या: बाई हाक कुणाला मारते, त्याच्याकडे मागते काय, आणि कशाचं नावही काढत नाही. हे तीन धागे धरले की एका दोन ओळींच्या ओवीतून आख्ख्या घराचा हिशेब निघतो. पण आधी ओवी कशी बनते ते कळायला हवं.

दगड, खुंटा आणि ओळ

जात्याचा खालचा दगड स्थिर असतो, वरचा फिरतो. मधोमध खीळ, वरच्या दगडाच्या तोंडातून मुठीमुठीने वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालायची, कडेला लाकडी खुंटा. मूठ मोठी पडली की भरडा निघतो. कमी पडली तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने टाकी लावून तो खरखरीत करून घ्यावा लागतो, नाहीतर तेवढ्याच पिठाला दुप्पट जोर लागतो. दळण मोठं असेल तर समोरासमोर दोघी बसतात, एकच खुंटा दोघींच्या हातात, अर्धं वर्तुळ एकीने ओढायचं आणि अर्धं दुसरीने.

ओवीचा सांगाडा या ओढण्यातूनच आलेला आहे. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची असते: तीन चरणांना यमक आणि शेवटचा चरण आखूड. आपल्या भागातली जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. प्रत्येक ओळीचे दोन तुकडे, पहिला आखूड, दुसरा जरा लांब, आणि यमक ओळींच्या शेवटी. गाताना एक बाई तुकडा टाकते, समोरची तो उचलते, शिवाय अर्धी ओळ दोन-दोनदा येते. त्यामुळे कानावर पडताना ओवी बरीच लांब वाटते.

खालच्या ओव्या कुठल्या संग्रहातल्या नाहीत. साचा दाखवण्यापुरत्या इथेच रचल्या आहेत.

तासगावच्या पेठंमंदी, चोळी घेतली गं खण चार
बंधु म्हणी भावजईला, बहीण न्हाई गं घरा भार

पहिल्या तुकड्याची अक्षरं मोजा: नऊ. आता हीच ओवी कराडकडच्या बाईला म्हणायची आहे. ती तासगाव काढून कराड घालते. ‘कराडच्या पेठंमंदी’ आठच भरतात, म्हणून ती ‘कराडच्या गं पेठंमंदी’ म्हणते. वाईची बाई असेल तर ‘वाईच्या पेठंमंदी’ची सातच होतात, तिथे ‘बाई’ येते: ‘वाईच्या बाई पेठंमंदी’. पुन्हा नऊ. कागदावर उगाच घातल्यासारखे दिसणारे गं, बाई, माझ्या, किती हे शब्द असे कामाचे असतात. लोकओवीत अक्षरांचं गणित काटेकोर नसतं, दोन-एक अक्षरं गळ्यातच सामावतात, पण तोल मात्र हवा असतो.

कवितेचा वैयक्तिक अर्थ नेमका याच रिकाम्या जागांत असतो. साचा गावाचा, पेठेचं नाव तिचं. हजार बायकांनी भावाच्या चोळीची ओवी म्हटली असेल, पण जिने तिथे स्वतःच्या माहेरच्या बाजाराचं नाव घातलं तिची ती स्वतःची कविता झाली. कर्तीचं नाव ओवीत नसतं म्हणून तिला ‘अनामिक’ म्हणून मोकळं होणारे अभ्यासक याच ठिकाणी चुकतात. सही असते, फक्त ती गावाच्या आणि भावाच्या नावात दडलेली असते.

हाक कुणाला

ओवीतली नाती थेट नावाने येत नाहीत. राघू हा बहुतेकदा मुलगा, मैना ही लेक. साळू म्हणजेही लेक. बया म्हणजे आई. मालन कधी आई, कधी घरातली दुसरी मानाची बाई. नेनंता म्हणजे अजाण, कोवळा मुलगा. हवशा म्हणजे हौशी, तो बहुतेक वेळा भाऊ, पण मुलगा किंवा नवराही असू शकतो. मागचे-पुढचे शब्द बघितल्याशिवाय ठरवू नये. चुडा आणि कुंकू आलं की नवऱ्याबद्दल बोलणं चाललंय असं समजावं. शहरी वाचक मैना वाचून पक्षी समजतो आणि ओवी निसर्गावर आहे असं लिहून मोकळा होतो. अशी टिपणं छापूनसुद्धा आलेली आहेत.

नवरा असा आडून येतो, कारण त्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसे. नाव घ्यायची सोय उखाण्यात होती, तीही चारचौघांत आणि आग्रहाने. जात्यावर ती चुडा म्हणते, कंथ म्हणते, आणि त्याच्याविषयीची तक्रार भलत्याच्याच गळ्यात घालते. रामायण यासाठी फार उपयोगी पडलं. ओव्यांतली सीता ही राजाची राणी कमी आणि सासुरवाशीण जास्त. कैकेयी म्हणजे सासू. रामाने गरोदर बायकोला वनात धाडलं याचा जाब बायका ओवीतून उघड विचारतात. घरातल्या कर्त्याला विचारता येत नाही ते रामाला विचारता येतं.

आणि ज्या गोष्टी रामालाही सांगता येत नाहीत, त्या थेट दगडाला. जात्याला ईश्वर म्हणून हाक मारायची पद्धत जुनी आहे:

जात्या तू ईसवरा, तुझ्या कानात सांगते
सासूनंदच्या म्होरं, शबूद ओठात ठेविते

इथे एक गोष्ट नेहमी निसटते: खुंट्याला समोर कोण होतं? समोर सासू बसली असेल तर ही ओवी येणार नाही. तेव्हा देवाच्या येतील, औंधची यमाई, शिंगणापूरचा महादेव, पालीचा खंडोबा, पंढरीचा विठ्ठल. समोर जाऊ असेल, शेजारीण असेल किंवा बाई एकटीच असेल, तेव्हा सासरचं बाहेर पडतं. म्हणून एखाद्या बाईच्या सगळ्या ओव्या भक्तीच्याच निघाल्या तर ती फार भाविक होती असा निष्कर्ष काढण्याआधी ती कुणाबरोबर दळायची हे विचारावं.

क्रमालाही अर्थ असतो. पहिली ओवी देवाला, मग कुलदैवत, गाव, आई-बाप, भाऊ, लेकरं. मध्यावर आल्यावर, हात लयीला लागल्यावर, मनातल्या ओव्या येतात. शेवटी दळण सरल्याची ओवी. संग्रह करताना विषयवार गठ्ठे केले की हा प्रवास दिसेनासा होतो.

भाऊच का?

कुठलाही मोठा संग्रह चाळा, भावाला उद्देशून असलेल्या ओव्यांनी तो भरलेला असतो. नवऱ्यापेक्षा भाऊ जास्त, बापापेक्षाही जास्त. याचं उत्तर ‘भावा-बहिणीचं प्रेम’ असं देऊन भागत नाही. प्रेम होतंच, पण हिशेबही होता, आणि या लेखात जर कशावर थांबायचं असेल तर इथेच.

दिवाळीचा सण, वाट बघते दारात
हवशा बंधवाची, गाडी आली गं शिवारात

सासुरवाशिणीला सासरच्या उंबऱ्याबाहेर चार दिवस काढायचे तर मुराळी, म्हणजे माहेरहून न्यायला येणारा माणूस, लागतो. पंचमी आणि दिवाळीला भाऊ गाडी घेऊन आला तरच माहेर. बाप थकतो, मरतो. भाऊ टिकतो. म्हणजे माहेर नावाच्या जागेची किल्ली त्याच्याकडे. आणि आईच्या मागे तिथली कोठी कुणाच्या हातात? भावजयीच्या. म्हणून ओवीत भाऊ चंदनासारखा आणि भावजय आंबट तोंडाची. तासगावच्या ओवीत भाऊ बायकोला समजावतोय, म्हणजे ‘ही भार आहे’ असं ती आधी म्हणालीय. ओवीत ते लिहिलेलं नाही. तरी ऐकणाऱ्या प्रत्येकीला ते कळतं.

आता मागणं काय आहे ते बघा. चोळी, लुगडं, बांगडी, एखादा दिवस जास्त राहणं, वाटेची शिदोरी. जमीन नाही. विहिरीत वाटा नाही. बायकांच्या ओव्यांत सातबारा शोधून पाहावा, हाताला सहसा लागत नाही.

याचं कारण कायद्यात होतं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या वाट्यात वारसा मिळाला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतः जो हक्क असतो तो तिला नव्हता. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून तो दिला, तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींना. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित सगळ्या मुली त्यात आल्या. त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते यावरचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली मिटवला: हक्क जन्माने येतो, वडील हयात असणं ही अट नाही. म्हणजे ज्या बायकांनी अशा ओव्या रचल्या त्यांच्या काळात भावाकडे मागण्यासारखं कायद्याने चोळीपलीकडे फारसं काही नव्हतंच.

तो काळ गेला तरी साचा शिल्लक आहे. वाटणीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, आणि त्यानंतर दर दिवाळीला साडी न चुकता. सही न देणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं ही भीती आजही खरी आहे. ओवीतली बाई ज्या सौद्याबद्दल गात होती तोच हा सौदा, फक्त आता दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवला जातो. चोळीच्या ओवीला केवळ गोड म्हणणाऱ्यांनी हा कागद एकदा वाचावा.

जे ओवीत येत नाही, आणि जे नको वाटलं तरी येतं

पश्चिमेकडच्या पाटण-जावळी-शिराळा भागातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि माथाडी कामात गेले. साताऱ्याजवळच्या आपशिंग्याला तर लोक ‘मिलिटरी आपशिंगे’च म्हणतात, इतके तिथले लोक पलटणीत होते. मागे राहिलेली बाई शेत, जनावरं, सासू-सासरे सगळं सांभाळी. तरी ओवीत ती स्वतःला कष्टकरी म्हणून फार कमी मिरवते. तिचा अभिमान मुलाच्या, भावाच्या, चुड्याच्या नावाने बोलतो. स्वतःच्या हाताच्या घट्ट्यांबद्दल ती बोललीच तर आईचं दूध आठवते: तुझ्या दुधाच्या जोरावर दळते, असं.

उलट बाजूही लपवू नये. ओव्यांत वांझेला बोल आहेत, सवतीला शिव्या आहेत, विधवेचा अपशकुन आहे, मुलगी झाली म्हणून हळहळ आहे. बायकांचं म्हणून सगळंच बायकांच्या बाजूचं नसतं. काही वाचकांना ओवीत फक्त बिचारी दिसते, काहींना फक्त बंडखोर. एकाच बाईने एकाच पहाटे सासूला कैकेयी म्हटलेलं असतं आणि सुनेकडून तिन्हीसांजेला दिवा लावायची अपेक्षाही धरलेली असते.

जातीप्रमाणेही ओवी बदलते. दलित बायकांनी त्याच साच्यात भीमराव आणि रमाई आणले. देवाच्या जागी बाबासाहेब, पंढरीच्या जागी दीक्षाभूमी, भावाच्या चोळीच्या जागी लेकराची पाटी-पुस्तकं. ओवीला रिकाम्या जागा असतात म्हणजे काय, हे सगळ्यात ठळक या ओव्यांत दिसतं. ‘सातारा-सांगलीच्या ओव्या’ म्हणून जे संग्रह छापले जातात त्यात एकाच आळीच्या ओव्या तर नाहीत ना, हे पाहून घ्यावं.

कागदावरच्या तीन कविता, याच मुलखातल्या

तुलनेसाठी थोडक्यात. मिरजेच्या मठातल्या वेणाबाई या रामदासांच्या शिष्या. परंपरेने त्यांना बालविधवा मानलं आहे. त्यांनी ‘सीतास्वयंवर’ रचलं. जात्यावरची सीता वनवासात असते, वेणाबाईंनी मात्र तिचं स्वयंवर निवडलं. त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावावा.

सावित्रीबाई फुले साताऱ्याच्याच. खंडाळा तालुक्यातलं नायगाव, जन्म 3 जानेवारी 1831. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह 1854 सालचा. त्या कवितेची हाक भावाला नाही, गावातल्या सगळ्यांना आहे, आणि मागणं शाळेचं आहे. जात्यापासून हे फार लांबचं अंतर, आणि ते एका बाईने विशी-पंचविशीत तोडलं. साहित्याच्या इतिहासात या संग्रहाला अजून म्हणावी तेवढी जागा नाही, असं आमचं मत आहे.

तिसरे कवी यशवंत, जन्म 1899, चाफळचे. त्यांची ‘आई’ पिढ्यांनी पाठ केली. ती आई नसलेल्या लेकराच्या तोंडची कविता आहे, म्हणजे आई तिथे आठवण म्हणून आहे, बोलत नाही. ओवीत आई बोलते, थकते, चिडते. पाठ्यपुस्तकात कुठली आई गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे.

घरातल्या ओव्या टिपून ठेवायच्या तर

मोठी कामं झालेली आहेत. वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष म्हणून गावोगावची गाणी छापून घेतली. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर 2017 पासून त्यातल्या आवाजासह ऐकता येतात. तरी आपल्या आजीच्या ओव्या तिथे असतीलच असं नाही, आणि वेळ थोडाच आहे. पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हाच ओवीचं काम संपलं. लग्नातल्या हळदीचं जातं उरलं, तेही पाच फेऱ्यांपुरतं. बाकीची हळद सांगलीच्या बाजारातून दळून पुडीत येते.

बाईला खुर्चीवर बसवून ‘आजी, ओवी म्हणा’ असं म्हटलं की तिला दोन-तीन आठवतात आणि ती थांबते. आठवण हाताला जोडलेली असते. माळ्यावरचं जातं खाली काढा, खुंटा सैल असेल तर फडक्याची चिंधी गुंडाळून ठोकून बसवा आणि मूठभर ज्वारी घाला. जातं नसेल तर परात उपडी घालून तिच्यावर हात फिरवायला सांगा. शक्यतो बरोबरीच्या दोघी समोरासमोर बसवा. एकीला अडलं की दुसरी उचलते. पुरुषमाणसं आणि सुना त्या खोलीत नसाव्यात.

मोबाइल जात्याला टेकवून ठेवू नका. घरघर एवढी येते की शब्द बुडतात. गाणारीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, दुमडलेल्या गोधडीवर ठेवा. आधी गाऊन घ्या, मग तीच ओवी बोलायला सांगा. दोन्ही ध्वनिमुद्रणं लागतात: गाण्यात अर्ध्या ओळींची पुनरावृत्ती होते, त्यामुळे ओळ कुठे संपते ते बोलण्यातूनच कळतं. मात्र बोलताना ती गं, बाई गाळते, ते गाण्यातून भरून घ्यायचे.

लिहिताना शुद्धलेखन आवरा. वरच्या ओवीत ‘ईसवरा’ची चार अक्षरं आहेत, ‘ईश्वरा’ केलं की तीन. ‘शबूद’ची तीन, ‘शब्द’ची दोन. ‘हवशा बंधवाची’ सात, ‘हवशा भावाची’ सहा. प्रत्येक दुरुस्तीला एक अक्षर जातं आणि ओळ लंगडते. छापील संग्रहांतल्या पुष्कळ ओव्या म्हणून बघितल्या तर चालीत बसत नाहीत, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. अर्थ द्यायचाच तर खाली वेगळ्या ओळीत द्यावा.

प्रत्येक ओवीखाली एवढं लिहा: गाणारीचं नाव, माहेर, सासर, अंदाजे वय, ओवी कुणाकडून आली, समोर कोण बसलं होतं, आणि तिने स्वतः त्यात काय बदललं. शेवटचा प्रश्न थेट विचारला तर ‘काय न्हाई’ असं उत्तर येतं. त्याऐवजी ‘तुमच्या आई इथं कुठल्या गावाचं नाव घ्यायच्या?’ असं विचारा. लगेच फरक कळतो.

तिची परवानगी दोनदा घ्या, गाण्याआधी आणि सगळं ऐकवून झाल्यावर. सासरच्या ओव्या म्हणताना तिने ज्या सासूला कैकेयी केलेलं असतं, तिची नातवंडं आता त्याच घरात राहतात, आणि ध्वनिमुद्रण कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर गेलं की ते परत येत नाही. ‘ही नको लिहू’ असं ती ज्या ओवीला म्हणेल ती तिच्यासमोरच पुसून टाका.